बेलोट्टोची साक्ष

१७६५ च्या जून महिन्यात ड्रेस्डेन शहरातल्या क्रॉइत्सकिर्षे या चर्चचा मनोरा ढासळला. पाच वर्षांआधी प्रशियाच्या तोफांच्या माऱ्यात चर्च जळून गेलं होतं, मनोरा तेवढा तगला होता. जीर्णोद्धाराचं काम चालू असतानाच त्याची एक बाजू खाली आली आणि उरलेला भाग, दारं निखळलेल्या कपाटासारखा, आतल्या भिंतींसकट भर वस्तीत उघडा पडला. बर्नार्डो बेलोट्टो या चित्रकाराने तो तसाच रंगवला. चित्राच्या मधोमध तो उभा सुळका, त्याच्या पायाशी दगडमातीचा डोंगर, भिंतीला टेकवलेल्या शिड्या. त्या शिड्यांवर आणि ढिगाऱ्यावर माणसं आहेत. इतकी बारीक की छापील प्रतीत ती शोधावी लागतात, पण एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही. दगड सोडवायला चढलेली माणसं आहेत ती. खाली बघ्यांची गर्दी आहे. शेजारची घरं शाबूत, वर स्वच्छ उजेड. ना वादळ, ना काळे ढग, ना कुणाचा आक्रोश. पडलेल्या इमारतीचं इतकं शांतपणे काढलेलं चित्र त्या शतकात मला दुसरं माहीत नाही.

हे चित्र आधी सांगायचं कारण असं की याच चित्रकाराचं नाव घेऊन युरोपातल्या शहरांत आजही वाद घातले जातात. व्हिएन्नात उंच इमारत बांधायची की नाही, ड्रेस्डेनच्या नदीकाठाचं काय करायचं, वॉर्सात पाडलेले राजवाडे पुन्हा उभारायचे का, असले प्रश्न निघाले की संग्रहालयातलं त्याचं चित्र काढून टेबलावर ठेवलं जातं. हे बघा, शहर असं होतं. चित्रकाराच्या वाट्याला असा मान क्वचित येतो, आणि बेलोट्टोला तो मिळाला याचा मला आनंदच आहे. तक्रार आहे ती वेगळी. त्याच्या चित्रातून आपण छपरांची रेघ आणि दर्शनी भिंती तेवढ्या उचलतो आणि त्याने जे खरोखर पाहिलं होतं ते चित्रातच सोडून देतो. मग त्याच्या नावाने असे निर्णय होतात ज्यांना त्याच्याच चित्रांचा आधार नाही.

बेलोट्टो परका होता, हे विसरून त्याची चित्रं वाचता येत नाहीत. जन्म व्हेनिसमधला, १७२१-२२ च्या सुमाराचा. आईचा भाऊ म्हणजे जोव्हान्नी अँतोनियो कनाल, ज्याला जग कॅनालेट्टो म्हणतं. मामाच्या हाताखाली भाचा तयार झाला आणि १७३८ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. शहरांची हुबेहूब दृश्यं काढायची आणि ती हौशी प्रवाशांना, सरदारांना विकायची हा घरचाच धंदा. अशा चित्राला इटालियनमध्ये वेदूता म्हणतात. रोम, फ्लॉरेन्स, तुरीन, व्हेरोना अशी शहरं पालथी घालून १७४७ साली हा पोरसवदा माणूस आल्प्स ओलांडून ड्रेस्डेनला गेला. ड्रेस्डेन ही ज्याची राजधानी त्या सॅक्सनी संस्थानाचा शासक (इलेक्टर) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस तिसरा याने बोलावलं होतं. पुढल्याच वर्षी तो दरबारी चित्रकार झाला, सालीना १,७५० थालर पगारावर. त्या दरबारात ही रक्कम फार मोठी होती. राजासाठी त्याने ड्रेस्डेनची चौदा मोठी दृश्यं काढली, पुढे पिर्ना गावाची, मग क्योनिगश्टाइन किल्ल्याची. राजाचा प्रधान काउंट ब्र्यूल याला तशीच चित्रं स्वतःच्या महालातही हवी होती, म्हणून त्याच्यासाठी वेगळा संच काढला.

१७५६ साली प्रशियाचं सैन्य सॅक्सनीत घुसलं. राजा वॉर्साला निघून गेला. बेलोट्टोने व्हिएन्ना गाठली, तिथे मारिया थेरेसा या राणीसाठी तेरा चित्रं काढली. तो बाहेर असताना, १७६० च्या त्याच तोफमाऱ्यात, ड्रेस्डेनच्या पिर्ना वेशीबाहेरचं त्याचं घर गेलं. १७६३ च्या ऑक्टोबरात राजा आणि ब्र्यूल दोघेही वारले. ब्र्यूलने चित्रांचे पैसे दिलेलेच नव्हते. नवी राजवट आली, नवी अभिरुची आली, कला अकादमी स्थापन झाली आणि तिथे बेलोट्टोला जागा मिळाली ती यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवणाऱ्या मास्तरची. पगार ६०० थालर. क्रॉइत्सकिर्षेचा ढिगारा त्याने रंगवला तो या दिवसांत. ज्या माऱ्यात ते चर्च जळलं त्याच माऱ्यात आपलं घर गमावलेला, पगार तिसऱ्या हिश्श्यावर आलेला हा माणूस चौकात उभा राहून शिड्या मोजत होता.

१७६६ च्या अखेरीस तो मुलाला, लोरेन्झोला, घेऊन सेंट पीटर्सबर्गच्या वाटेला लागला. वाटेत वॉर्सा होतं. पोलंडचा नवा राजा स्टॅनिस्लाव ऑगस्ट पोनियातोव्स्की याने त्याला ठेवून घेतलं आणि रशिया राहूनच गेला. १७७० साली लोरेन्झो वॉर्सातच वारला. त्यानंतर दहा वर्षं बाप त्या शहराची चित्रं काढत राहिला आणि १७८० मध्ये तिथेच गेला. चित्रांवर तो स्वतःच्या नावाला मामाचं टोपणनाव जोडून सही करी. त्यामुळे जर्मनी आणि पोलंडमध्ये आजही कॅनालेट्टो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भाचाच येतो.

गावात जन्मलेला माणूस गाव पाहत नाही, तो त्यातून चालत जातो. रोजच्या वाटेवरच्या घराला खिडक्या किती हे त्याला विचारून बघा. परक्याला मात्र मोजावं लागतं. बेलोट्टोला तर मोजल्याशिवाय पोट भरताच येत नव्हतं, कारण गिऱ्हाईक स्वतःच त्या वाड्यात राहणारं. खिडकी चुकली तर ती पहिल्यांदा त्यालाच दिसणार. आणि परक्याला अजून एक गोष्ट ठाऊक नसते: काय बघायचं नाही, ही. राजवाड्यासमोरची चिखलाची चाकोरी, भिंतीशी बसलेला भिकारी, खिडकीत वाळत घातलेले कपडे, पोपडे उडालेला गिलावा, हे त्या गावच्या माणसाच्या नजरेतून आपोआप गळून पडतं. बेलोट्टोच्या चित्रात ते सगळं आहे, आणि राजवाड्यावर जो उजेड पडलाय तोच त्यावरही पडलाय.

ड्रेस्डेनचं सर्वांत लाडकं चित्र घ्या. १७४८ साली एल्ब नदीच्या उजव्या तीरावरून, ऑगस्टस पुलाच्या खालच्या अंगाने काढलेलं. डावीकडे फ्राउएनकिर्षेचा दगडी घुमट, मधे पूल, उजवीकडे दरबारी चर्च, खाली संथ पाणी. त्या जागेला आज कॅनालेट्टोचं दृश्य असंच म्हणतात, प्रवासी तिथे उभं राहून फोटो काढतात. आता त्या चित्रातल्या दरबारी चर्चच्या मनोऱ्याकडे नीट बघा. त्याला लाकडी परांची बांधलेली आहे. गाएतानो किआवेरी नावाचा आणखी एक स्थलांतरित इटालियन ते चर्च बांधत होता आणि मनोरा पुरा व्हायचा होता. बेलोट्टोने परांची गाळून आराखड्यावरून तयार मनोरा रंगवला असता तर राजा नाराज झाला नसता. त्याने अर्धवट काम अर्धवटच दाखवलं. म्हणजे जे दृश्य आज शहराचं कायमचं रूप मानलं जातं तेच मुळी बांधकाम चालू असलेल्या शहराचं आहे.

एल्बच्या खोऱ्यावरून झालेला वाद या दृष्टीने मला फारसा अवघड वाटत नाही. २००४ मध्ये हे खोरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. २००५ च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतदारांनी वाल्डश्लोसखेन इथे नवा पूल बांधायला कौल दिला. २००९ मध्ये युनेस्कोने ड्रेस्डेनचं नाव यादीतून काढलं, २०१३ मध्ये पुलावरून वाहनं धावू लागली. मला तो पूल आवडत नाही, नदीकाठच्या कुरणावर तो आडवा पडल्यासारखा वाटतो. पण त्याविरुद्ध बेलोट्टोला उभं करू नये. त्याच्या चित्राचा नायकच पूल आहे. लोकांनी उघडपणे मत दिलं, युनेस्कोने उघडपणे आपला नियम पाळला, आणि शहराने बिरुद गमावून पूल घेतला. किंमत माहीत असताना केलेला व्यवहार होता तो.

व्हिएन्नाचं तसं नाही. तिथे बेल्व्हेडेर प्रासादाच्या बागेतून दिसणारं शहर बेलोट्टोने १७५९-६० मध्ये रंगवलं: एका बाजूला कार्लसकिर्षेचा घुमट, दुसऱ्या बाजूला सालेझियन जोगिणींच्या चर्चचा, दोहोंमधे दूरवर सेंट स्टीफनचा मनोरा, आणि पुढ्यात कातरलेल्या मेंद्यांची बाग. २०१७ च्या जूनमध्ये व्हिएन्नाच्या नगरपरिषदेने हॉयमार्क्ट या जागी ६६ मीटर उंचीच्या निवासी मनोऱ्याला वाट मोकळी करून दिली. जागा खासगी विकासकाची, सदनिका श्रीमंतांसाठी. पुढच्याच महिन्यात युनेस्कोने व्हिएन्नाचं जुनं केंद्र धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. आराखडे नंतर बदलले, उंचीही कमी केली गेली, वाद मात्र चालूच राहिला.

मनोऱ्याच्या बाजूचे लोक म्हणतात की शहर म्हणजे संग्रहालय नव्हे, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्राच्या चौकटीत व्हिएन्नाला कोंडता येणार नाही. यातलं दुसरं वाक्य खरं आहे. बेलोट्टोने रंगवलेली व्हिएन्ना तटबंदीच्या आत होती आणि तटाभोवती मोकळ्या मैदानाचा पट्टा होता. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या पट्ट्यावर रिंगश्ट्रासे (शहराला वळसा घालणारा भव्य रस्ता) उभी राहिली, जी आज त्याच जागतिक वारशाचा अभिमानाचा भाग आहे. चित्राला कायदा मानलं असतं तर रिंगश्ट्रासे झालीच नसती. शिवाय चित्र म्हणजे मोजणीचा नकाशाही नव्हे. वेदूता काढणारे सगळेच थोडी ओढाताण करत. मनोरा जरा सडपातळ होई, रस्ता जरा ऐसपैस, दोन बाजूंच्या इमारती एका नजरेत बसाव्यात म्हणून जवळ सरकत. हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीही तो मनोरा होऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि कारण वेगळं आहे. बेल्व्हेडेरची बाग एका सेनापतीने, प्रिन्स युजीनने, स्वतःसाठी केली होती. तिथून दिसणारं शहर त्याच्या काळात मूठभर लोकांच्या नजरेचं सुख होतं. आज त्या बागेत कुणीही जाऊन उभं राहू शकतं. जे एकेकाळी सरदाराचं होतं ते लोकांचं झालं. आता त्या सामायिक आकाशातला एक तुकडा वरच्या मजल्यावरच्या सदनिकांना विकायचा म्हणजे तो प्रवास उलटा फिरवायचा. वर राहणाऱ्याला सगळं शहर दिसणार आणि खालच्या हजारोंना त्याची बाल्कनी दिसणार. हरकत घ्यायची ती या देवघेवीला. त्या जागी इस्पितळ किंवा स्वस्त घरं येणार असती तर मी हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारात घेतला असता. बेलोट्टोचं चित्र इथे एवढंच सांगतं की हा तुकडा रिकामा होता, सर्वांना दिसत होता आणि तो जपण्याजोगा वाटला होता. बाकीचा युक्तिवाद आपला आपण करायचा.

वॉर्साची गोष्ट या दोन्हींहून खोल आहे.

पोनियातोव्स्कीसाठी बेलोट्टोने वॉर्साची सव्वीस दृश्यं काढली. त्यातली बावीस आज तिथल्या राजवाड्यातल्या कॅनालेट्टोच्या नावाच्या दालनात आहेत. चित्रांनाही चित्रकारासारखाच वनवास घडला. काही नेपोलियनच्या काळात पॅरिसला गेली, १८३२ मध्ये झार निकोलस पहिला याने ती रशियाला नेली, पहिल्या महायुद्धानंतर रीगाच्या तहाने ती परत आली, १९३९ मध्ये जर्मनांनी पळवली, युद्धानंतर पुन्हा परत आली. तोवर ज्या दालनासाठी ती काढली होती ते दालन नव्हतं, राजवाडाही नव्हता. १९४४ चा वॉर्सातल्या पोलिश लोकांचा उठाव मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने शहर घराघराने जाळलं आणि सुरुंग लावून उडवलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला. हा सगळा विध्वंस लढाईच्या ओघात झालेला नव्हता. बराचसा लढाई संपल्यावर, सवडीने, यादी करून केलेला होता.

नंतर जे घडलं ते सर्वांना थोडंफार ऐकून माहीत असतं: पोलिश लोकांनी बेलोट्टोची चित्रं समोर ठेवून शहर जसंच्या तसं उभारलं. यात सत्य आहे, पण सगळं नाही. जुन्या शहराचा जो मुख्य बाजारचौक, जो पाहायला लोक मुद्दाम जातात, तो बेलोट्टोच्या सव्वीस चित्रांत नाहीच. तो उभा राहिला मुख्यतः दुसऱ्या कागदांवर. वॉर्साच्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी युद्धाआधी जुन्या घरांची मापं घेऊन आराखडे काढले होते. उठावानंतर ते जीव धोक्यात घालून शहराबाहेर काढले आणि प्योत्र्कुव्ह गावातल्या मठात लपवून ठेवले. बेलोट्टो उपयोगी पडला तो राजरस्त्यावर, क्राकोव्स्के प्शेद्मिएश्चे आणि मिओदोवा या रस्त्यांवर, जिथली घरं त्याने खिडकीगणिक रंगवली होती. यान झाखवातोविच यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी तिथे एक मोठा निर्णय घेतला. एकोणिसाव्या शतकात या घरांवर मजले चढले होते. पुन्हा बांधताना ते मजले गाळले आणि घरं बेलोट्टोच्या उंचीला आणली. म्हणजे १९३९ साली उभं असलेलं वॉर्सा परत आलं नाही. त्याच्या आजोबांच्या आजोबांचं वॉर्सा आलं.

हे खोटं होतं का? बरेच जाणकार तसं म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या शत्रूने शहराची ओळख पुसायची म्हणून घरं पाडली, त्याला घरं बांधूनच उत्तर द्यावं लागतं. १९४५ च्या जानेवारीपासून माणसं ढिगाऱ्यांत परतत होती, तळघरांत राहत होती. त्यांना छप्पर हवं होतं आणि आपलं गाव ओळखू येईल असा एखादा कोपरा हवा होता. पुनर्बांधणीने दोन्ही दिलं. जुन्या दर्शनी भिंतींमागे नव्या सोयींच्या सदनिका झाल्या, मागच्या अंगणांतली कोंदट बांधकामं काढून उजेड आत घेतला, आणि तिथे सामान्य कुटुंबं राहायला आली. १९५३ च्या जुलैमध्ये बाजारचौक खुला झाला तेव्हा त्याच्या खिडक्यांत पडदे होते, कुंड्या होत्या. १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या वॉर्साला वारसा म्हणून मान्यता दिली ती या पुन्हा उभं राहण्यालाच.

उणीव दुसरीकडे राहिली. बेलोट्टोच्या वॉर्सात कमरेला पट्टा बांधलेले, लांब कोंतुश घातलेले जुन्या वळणाचे सरदार आहेत आणि त्यांच्या शेजारून पावडर लावलेले टोप घालून फ्रेंच तऱ्हेचे लोक चालले आहेत. फकीर आहेत, हातगाडीवाले आहेत, कुत्री आहेत, पडक्या लाकडी झोपड्या थेट महालांच्या भिंतींना चिकटल्या आहेत. आणि ज्यू आहेत. झेलाझ्ना ब्रामा चौकाच्या चित्रात बाजार भरलाय आणि त्या गर्दीत ज्यू व्यापारी इतरांइतकेच सहज वावरताना दिसतात. दुसऱ्या महायुद्धाआधी वॉर्साच्या लोकसंख्येत जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यूंचा होता. ती वस्ती माणसांसकट संपवली गेली. तिथली घरं कुणी पुन्हा बांधली नाहीत. घेट्टोच्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, ढिगाऱ्यावरच, त्याच्याच विटांचा चुरा वापरून, मुरानुव्ह ही नवी वसाहत उभी राहिली. झेलाझ्ना ब्रामाच्या परिसरात उंच निवासी इमारतींच्या रांगा आल्या, आणि चित्रातला लुबोमिर्स्की महाल १९७० मध्ये चक्क उचलून सत्तरहून जास्त अंशांनी फिरवला, बागेच्या अक्षाशी जुळावा म्हणून.

माणसं परत आणता येत नाहीत, हे मलाही कळतं. पण चित्रातले महाल पुन्हा बांधण्याजोगे मानले आणि चित्रातला बाजार मानला नाही, ही निवड होती आणि ती करणाऱ्यांची होती. बेलोट्टोने ती केलेली नव्हती. त्याच्या कॅनव्हासवर महाल आणि बाजार दोन्ही एकाच बारकाईने रंगवलेले आहेत. त्याच्या दालनात येणाऱ्या शाळकरी पोराला कुणीतरी हे दाखवावं: बाळा, या रस्त्यावरचं हे घर पुन्हा बांधलं, आणि या चौकातली ही माणसं पुन्हा आली नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर टांगलेल्या आहेत.

हा जुना हिशोब उकरण्याचं कारण म्हणजे नवं काम सुरू झालंय. २०२१ मध्ये पोलंडने कायदा करून वॉर्सातला सॅक्सन राजवाडा, ब्र्यूल राजवाडा आणि शेजारची क्रुलेव्स्का रस्त्यावरची घरं पुन्हा बांधायचं ठरवलं. ब्र्यूल म्हणजे तोच, ज्याने बेलोट्टोच्या चित्रांचे पैसे थकवले होते. हे महाल जर्मनांनी १९४४ च्या डिसेंबरात उडवले. सॅक्सन राजवाड्याचा उरला तो मधल्या कमानींचा तुटका भाग. त्याखाली १९२५ पासून अज्ञात सैनिकाची समाधी होती, ती आजही तिथेच आहे. ज्योत तेवते, पहारा असतो, आणि कमानींच्या वर, जिथे राजवाडा असायला हवा, तिथे काही नाही.

बांधा म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. लुटलेली वस्तू परत मिळवण्याचा हक्क मुदत संपली म्हणून संपत नाही, असं ते म्हणतात. १९३२ च्या अखेरीस मारियान रेयेव्स्की या गणितज्ञाने जर्मनांच्या गुप्त संदेशांच्या एनिग्मा यंत्राचं कोडं सोडवलं ते याच राजवाड्यात बसून, हेही ते सांगतात, आणि ती जागा जगाला दाखवावी असं कुणाला वाटणार नाही? वॉर्साचा तो चौक आज फार मोठा, फार उघडा वाटतो हेही मान्य.

पण कुठला राजवाडा बांधताय? आराखडा १९३९ च्या रूपाचा आहे. ते रूप १८४० च्या आसपासचं, आदाम इद्झकोव्स्की या वास्तुविशारदाने रशियन राजवटीखाली जुना महाल पाडून केलेलं. जुन्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाचे मजले विद्रूप म्हणून छाटले, आणि इथे एकोणिसाव्या शतकाचाच महाल वारसा म्हणून उठवायचा. मग मुद्दा इतिहासाचा राहत नाही, ज्या पिढीला जे शतक आवडेल त्याचा होतो. शिवाय १९४५ ची निकड आता नाही. तळघरात कुणी कुडकुडत नाही, या महालात कुणी संसार थाटणार नाही. तेव्हाची बांधणी शहर जगावं म्हणून होती.

आणि वॉर्सात तोडलेल्याची खूण आता फार कमी उरली आहे. इतकं सुंदर पुन्हा बांधलंय की नव्याने येणाऱ्याला इथे काही घडलं होतं हे सांगावं लागतं. त्या कमानी न सांगता सांगतात. दोन्ही बाजूंना जिथे भिंत तुटली तिथे ती तुटलेलीच आहे, डोळ्यांना ते कळतं. बेलोट्टोचे जे वारस म्हणवतात त्यांनी क्रॉइत्सकिर्षेचं चित्र विसरू नये. तेव्हाही ड्रेस्डेनमध्ये जुन्या वळणाचं चर्च बांधावं की नव्या अभिरुचीचं यावर तज्ज्ञांची जुंपली होती. त्या भांडणात बेलोट्टो पडला नाही. जुन्या चर्चचं चित्र त्याने आगीआधीच काढून ठेवलेलं होतं, त्याची एक प्रत काढून तो लोकांना दिलासा देऊ शकला असता. त्याला वाटलं, पडलेलंही कुणीतरी नीट बघायला हवं, त्याची मापं घ्यायला हवीत, त्यावर चढलेल्या माणसांसकट.

वॉर्साच्या त्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं तर तीन कमानींच्या दोन्ही अंगांना बागेतली झाडं दिसतात. सॅक्सन बाग ती, १७२७ पासून लोकांना खुली. राजवाड्याचे पंख उभे राहिले की चौकातून ती झाडं दिसायची बंद होतील.